आईचाही ईसीजी काढ

खांदा कॉलनी, पनवेल
१८ नोव्हेंबर २०२५

चि. निखिल यास,


पत्रास कारण, दिवाळीत तू आलास तेव्हा भाऊजींना घेऊन सगळ्या तपासण्या करवून गेलास. ईसीजी, टू-डी एको, स्ट्रेस टेस्ट, कोलेस्टेरॉल, काही म्हणता काही ठेवलं नाहीस. मला फार बरं वाटलं. पैसे पाठवणारी मुलं पुष्कळ असतात, बापाबरोबर लॅबच्या रांगेत बसणारी थोडी. पण त्या दिवशी ताईची, म्हणजे तुझ्या आईची, फक्त उपाशीपोटीची साखर झाली, तीही भाऊजींची एको होईपर्यंत ती नुसती बसून होती म्हणून. भाऊजींना मधुमेह होऊन नऊ वर्षं झाली, ताईला तेरा. भाऊजींच्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी सातच्या आत आहे, ताईची गेल्या खेपेला साडेनऊ होती. आणि तरीही तुमच्या घरात हृदयाची काळजी होते ती भाऊजींच्या. ताईला म्हणे ‘थोडीशी शुगर आहे’.

फोनवर हे नीट सांगता येत नाही. तू ऑफिसात असतोस, ताई माझ्या शेजारी बसलेली असते. म्हणून सवडीने लिहिते आहे. अनघालाही वाचायला दे.

तुला माहीत आहे, माझी सगळी नोकरी हृदयविभागात गेली. रात्रपाळीला मॉनिटरसमोर बसून मी जे पाहिलं, त्यातलं एकच तुला सांगायचं आहे: मधुमेह झालेल्या बाईच्या हृदयाची काळजी मधुमेह झालेल्या पुरुषापेक्षा कणभरही कमी करायची नसते. झालीच तर जास्त करायची.

मधुमेह आणि हृदयविकार ही दोन वेगवेगळी दुखणी समजू नकोस. साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर खराब होतं. तिथे चरबीचा थर साचतो, तो थर कधीतरी फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि हृदयाच्या स्नायूला जाणारं रक्त अडतं. हाच झटका. त्यात आणखी एक कठीण गोष्ट अशी की त्याच साखरेने मज्जातंतूही बधिर झालेले असतात. ज्या दुखण्याने माणूस छाती धरून खाली बसायला हवा, ते त्याला जाणवतच नाही. मधुमेही माणसाला झटका येऊन गेल्याचं पुढे कधीतरी, डोळ्यांच्या ऑपरेशनआधी काढलेल्या ईसीजीत कळतं, असं मी कितीतरी वेळा पाहिलं आहे.

आता बायकांचं. पाळी चालू असते तोवर बाईच्या हृदयाला निसर्गाचं काहीसं संरक्षण असतं. म्हणून बायकांना हा आजार पुरुषांपेक्षा सात-दहा वर्षं उशिरा गाठतो, आणि त्यावरूनच ‘हार्ट म्हणजे पुरुषांचं दुखणं’ हा समज घरोघरी बसला आहे. मधुमेह झाला की हे संरक्षण बहुतेक निघून जातं. अमेरिकेत फ्रॅमिंगहॅम नावाच्या गावातल्या लोकांच्या हृदयाचा पाठपुरावा १९४८ पासून चालू आहे. त्यांनी १९७४ मध्येच दाखवलं होतं की मधुमेही पुरुषांत हृदय निकामी होण्याचं प्रमाण इतर पुरुषांच्या दुपटीहून जास्त, आणि मधुमेही बायकांत इतर बायकांच्या पाचपट. पुढे २०१४ मध्ये जगभरातल्या ६४ पाहण्यांतली साडेआठ लाखांहून अधिक माणसं एकत्र करून हिशेब झाला. मधुमेहामुळे पुरुषाचा हृदयविकाराचा धोका इतर पुरुषांच्या २.१६ पट होतो, बाईचा इतर बायकांच्या २.८२ पट. म्हणजे मधुमेहाने होणारी वाढ बायकांत तुलनेने ४४ टक्के जास्त. जाणकार याचं एक कारण असं सांगतात की बाईचा मधुमेह उघड होतो तेव्हा तिचं वजन, बीपी, कोलेस्टेरॉल पुरुषापेक्षा जास्त बिघडलेलं असतं. ताईचं आठव. तिचा मधुमेह सापडला तो पायाची जखम महिनाभर भरेना म्हणून. त्याआधी किती वर्षं तो आत मुरत होता कोणास ठाऊक.

तू आकडेवारीच्या कामातला आहेस, म्हणून आणखी दोन हिशेब सांगते. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात एक तुलना आली होती. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचा एक गट आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीचा दुसरा, दोघांचाही पुढे काही वर्षं पाठपुरावा. मधुमेह नसलेल्या पुरुषांत हृदयविकाराने होणारे मृत्यू ३६ टक्क्यांनी उतरले होते, मधुमेह नसलेल्या बायकांत २७ टक्क्यांनी. मधुमेही पुरुषांत उतरले ते फक्त १३ टक्के. आणि मधुमेही बायकांत ते २३ टक्क्यांनी चढले होते. मधुमेहींचे गट लहान होते, तेव्हा आकड्याला फार चिकटून बसू नकोस, दिशा बघ. त्याच काळात नवी औषधं आली, अतिदक्षता विभाग आले, बायपास घरोघरी माहीत झाली. फायदा तिघांना पोचला आणि चौथी मागे राहिली.

दुसरा हिशेब मन हलकं करणारा आहे. १९९० ते २०१० या वीस वर्षांत अमेरिकेतल्या मधुमेहींमध्ये हृदयाच्या झटक्याचं प्रमाण ६७.८ टक्क्यांनी खाली आलं. कुठलं एक जादूचं औषध सापडलं म्हणून नव्हे. बीपी आवाक्यात ठेवलं, कोलेस्टेरॉलची गोळी रोज घेतली, तंबाखू सुटली, साखर मोजायला शिकवलं, वेळच्या वेळी बोलावून तपासलं. रुग्णालयात दाखल होणं हे कपाळावर लिहून आलेलं नसतं, ते टाळता येतं, हे त्या वीस वर्षांनी सिद्ध केलं. मात्र हात सैल सोडला की उलट फिरतं, हेही खरं. २०१० नंतर ही उतरण थांबत आली आणि तरुण व मध्यमवयीन मधुमेहींत काही गुंतागुंती पुन्हा वाढू लागल्या, असं २०१९ मध्ये तिथल्याच अभ्यासकांनी लिहिलं.

आपल्याकडे २०२३ मध्ये आयसीएमआरची मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. देशात १० कोटी १० लाख मधुमेही, म्हणजे मोठ्या माणसांत ११.४ टक्के. आपल्या कोकणाला लागून असलेल्या गोव्यात हेच प्रमाण २६.४ टक्के, देशात सर्वांत जास्त. किनाऱ्यावरचे लोक मासळी-भात खातात, त्यांना काही होत नाही, ही समजूत ताईचीही आहे. तिला हा आकडा सांग.

आता जे कुठल्या आलेखात दिसत नाही ते सांगते.

आमच्या विभागात दाखल झालेल्यांची वही असे. पान उलटत गेलं की पुरुषांचीच नावं जास्त. नवीन लागलेल्या मुली म्हणत, बघा सिस्टर, बायकांना कमी होतं. मी त्यांना सांगत असे, ही वही आजारी पडलेल्यांची नाही, इथवर पोचलेल्यांची आहे. जी बाई रात्रभर घरात ओवा चावत बसली आणि पहाटे गेली, तिचं नाव या वहीत कुठून येणार? तिच्या दाखल्यावर ‘झोपेत गेली’ एवढंच. आणि ज्या पोचत, त्या बहुतेक उशिरा पोचत. पुरुषाला आणताना घरची चार माणसं धावत येत, स्ट्रेचर मागत. बाई बरेचदा स्वतःच्या पायांनी चालत येई, हातात पर्स आणि औषधांची प्लॅस्टिकची पिशवी, आणि म्हणे, सिस्टर, काही नाही, जरा कसंतरी होतंय. ब्लाउज घामाने पाठीला चिकटलेला असे. विचारलं, छातीत दुखतंय का? तर ‘नाही’. जबडा जड झालाय, पाठीच्या वरच्या भागात ओढ लागली आहे, मळमळतंय, दोन पायऱ्या चढवत नाहीत. बरोबरचा मुलगा सांगे, आज उपास होता तिचा, पित्त झालं असेल.

ईसीजी काढायचा म्हटलं की पुढचा अडथळा. छातीवर सहा ठिकाणी आणि हातापायांना चार ठिकाणी तारा लावाव्या लागतात. पदर बाजूला, ब्लाउजचे हूक सोडलेले, गळ्यातलं मंगळसूत्र वर सारलेलं. बाई अंग चोरून घेते. टेक्निशियन पुरुष असेल तर नवरा दारातच उभा राहतो, ‘लेडीज कोणी नाही का?’ त्यात दहा-पंधरा मिनिटं सहज जातात. नवखा टेक्निशियन संकोचाने स्तनाखाली लावायची तार वरच कुठेतरी लावतो आणि आलेख चुकीचा निघतो. कधी नसलेला दोष दिसतो, कधी असलेला लपतो. मी शिकाऊ मुलींना हेच आधी शिकवत असे: पडदा ओढा, चादर द्या, बाईशी दोन शब्द बोला, पण तार जिथे लागायची तिथेच लावा. तिची अब्रूही राहते आणि जीवही. निखिल, ही गोष्ट तुला ऐकायला अवघड वाटेल, पण आईच्या बाबतीत मुलांनी या गोष्टी ऐकायला शिकलं पाहिजे. नाहीतर त्या कुणीच बोलत नाही.

उशिराबद्दल बोलले, त्याचाही हिशेब आहे. ‘क्रिएट’ नावाची पाहणी आपल्या देशातल्या ५० शहरांतल्या ८९ रुग्णालयांत झाली आणि २००८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आली. झटका किंवा त्याची पूर्वसूचना घेऊन आलेले २० हजारांवर रुग्ण त्यात होते आणि त्यांतले सुमारे ३० टक्के मधुमेही होते. त्रास सुरू झाल्यापासून दवाखान्यात पोचेपर्यंत मधल्या रुग्णाला लागलेला वेळ ३६० मिनिटं. सहा तास! गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनचा खरा गुण पहिल्या दोन-तीन तासांत. हृदयाचा जो स्नायू मेला तो परत जिवंत होत नाही. मग माणूस वाचला तरी त्याचं हृदय उरलेल्या स्नायूवर चालतं आणि वर्षा-दोन वर्षांत तो धाप लागून पुन्हा दाखल होतो.

या धापेकडे तर कुणाचंच लक्ष नसतं. झटका न येताही मधुमेहात हृदयाचा स्नायू हळूहळू ताठर आणि दुबळा होत जातो. जुनी मोटर जशी चालू असते पण वरच्या मजल्यावर पाणी चढवत नाही, तसं. मग पाणी पायांत उतरतं, फुप्फुसांत साचतं. ताईला विचार, रात्री उशा किती लागतात. मला तिने परवा बोलता बोलता सांगितलं, एक उशी घेतली की घुसमटल्यासारखं होतं, म्हणून दोन घेते. संध्याकाळी तिची जोडवी घट्ट होतात. चपलेच्या पट्ट्याचा वळ घोट्यावर उमटलेला मी स्वतः पाहिला आणि नडगीवर अंगठा दाबून धरला, तर खळगा तसाच राहिला. ती म्हणाली, दिवसभर उभी असते ना, म्हणून. असेलही. मूत्रपिंडामुळेही पाय सुजतात, बीपीच्या एका गोळीनेही सुजतात. पण तेरा वर्षांच्या मधुमेहात ‘असेलही’ म्हणून सोडून द्यायचं नसतं. टू-डी एको करून हृदयाचं आकुंचन आणि प्रसरण दोन्ही पाहायचं आणि रक्तातली एनटी-प्रोबीएनपी ही तपासणी डॉक्टर सांगतील तर करायची.

तिचं शरीर मूळचं असं नव्हतं, हे तुला सांगायला हवं, कारण तू तिला फ्लॅटमध्येच पाहिलंस. आम्ही दोघी आवणीला चिखलात उभ्या राहिलो आहोत. डोक्यावर भाताच्या रोपांचे मुडे, गुडघाभर पाणी, दुपारी तांदळाची भाकरी आणि सुकट. ताई बाईमाणसांत सगळ्यांत पुढे असायची. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि नव्या शहरासाठी ९५ गावांच्या जमिनी संपादनात आल्या. १९८४ च्या जानेवारीत जासई परिसरात आंदोलक शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, पाच जण गेले, दि. बा. पाटलांच्या त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. आमच्या घरालाही भूखंड मिळाला, तो विकून पैसे आले, त्यातून हे फ्लॅट. भलं झालं की बुरं, तो विषय मोठा आहे. पण बायकांच्या अंगाचं काय झालं, त्याचा हिशेब कुणी मांडलेला मी पाहिला नाही. शेत गेलं, चिखल गेला, विहीर गेली. ताट मात्र तेवढंच राहिलं. पुरुष निदान नाक्यावर तरी जातात. ताई सकाळी पाचपासून रात्री अकरापर्यंत उभी असते, पण स्वयंपाकघराच्या आठ फुटांत. थकवा पुरेपूर आणि हृदयाला चाल काही नाही. म्हणून ‘ती दिवसभर कामच करते, तिला वेगळा व्यायाम कशाला’ असं भाऊजी म्हणतात ते मला पटत नाही. तिला रोज अर्धा तास बाहेर, वडाळे तलावाच्या काठाने, धाप लागणार नाही अशा चालीने चालायला हवं. एको झाल्यावर, डॉक्टरांना विचारून. आणि त्या अर्ध्या तासात घरातलं काम दुसऱ्या कुणी करायला हवं, नाहीतर ते चालणं चार दिवसांत बंद पडेल.

आणखी एक जुनी गोष्ट. श्वेताच्या वेळी सातव्या महिन्यात ताईची साखर वाढली होती. श्वेता जन्मली ती चार किलोंवर. बाळंतपणानंतर साखर उतरली आणि सगळे विसरले. गरोदरपणात साखर वाढलेल्या बाईला पुढे हृदयविकाराचा धोका इतर बायकांच्या जवळजवळ दुप्पट असतो, आणि पुढे मधुमेह झाला नाही तरीही तो थोडा वाढलेलाच राहतो. ताईच्या कुठल्याही केसपेपरवर ही नोंद नाही, कारण डॉक्टर विचारत नाहीत आणि बायका सांगत नाहीत. तू लिहून दे. श्वेतालाही फोन कर. तिला आता दिवस आहेत, तिची ग्लुकोज पाजून करायची तपासणी झाली का, ते विचार. मी विचारलं तर ती टाळते, भावाला सांगेल.

औषधांकडे येते. हे नीट वाच.

ताईला तीन गोष्टी लिहून दिलेल्या आहेत आणि त्यांतल्या दोन ती घेत नाही. कोलेस्टेरॉलची गोळी तिने पाय दुखतात म्हणून सोडली. पाय खरंच गोळीने दुखतात का, हे रक्त तपासून कळतं, गोळी बदलता येते, मात्रा कमी करता येते. मनाने बंद करायची नाही. मधुमेहात ती गोळी कोलेस्टेरॉल नॉर्मल आलं तरी बहुधा चालूच ठेवतात, कारण ती रक्तवाहिनीतला थर फुटू नये म्हणून असते. हे भाऊजींना सांगितलेलं आहे, ते न चुकता घेतात. ताईला कुणी समजावलंच नाही.

दुसरी गोळी एम्पाग्लिफ्लोझिन. ही लघवीवाटे साखर बाहेर टाकते. २०१५ मध्ये तिच्यावरचा मोठा अभ्यास आला. आधीच हृदयविकार असलेल्या मधुमेहींत हृदयविकाराने होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी आणि हृदय निकामी होऊन दाखल होण्याचं प्रमाण ३५ टक्क्यांनी कमी झालं होतं. पूर्वी ती महाग होती. यंदाच्या मार्चमध्ये आपल्या देशात तिचं पेटंट संपलं, बऱ्याच कंपन्यांनी ती काढली आणि किंमत पुष्कळ खाली आली. तेव्हा पैशाची सबब उरलेली नाही. मग ताईने का सोडली? मी खोदून विचारलं तेव्हा कळलं. लघवीच्या जागी खाज सुटली. या गोळीत ते होतं, बायकांना जास्त होतं. जागा कोरडी ठेवली, वेळीच मलम लावलं की बहुतेकींचं भागतं. पण ती हे तुझ्याजवळ बोलणार नाही, भाऊजींजवळ नाही, आणि पुरुष डॉक्टरांसमोर तर नाहीच. ‘गोळ्या घेतेस ना?’ विचारलं की मान हलवते. अशा किती गोळ्या घरोघरच्या डब्यांत संकोचापोटी पडून असतील! अनघाला म्हणावं, सासूबाईंना एकटीने विचार. पुढच्या वेळी डॉक्टरकडे तिने आत जावं, तू बाहेर थांब.

याच गोळीबद्दल दुसरी सूचना, आणि ती आत्ताच्या आत्ता महत्त्वाची आहे. २७ तारखेपासून मार्गशीर्षातले गुरुवार सुरू होतात. ताई दिवसभर काही खात नाही, संध्याकाळी घट मांडून, कहाणी वाचून मग जेवते. ही गोळी परत सुरू झाली आणि पोटात दिवसभर काही नसलं, वर पाणीही कमी प्यायलं, तर रक्तात आम्ल साचून माणूस अत्यवस्थ होऊ शकतो. ग्लुकोमीटरवर साखर फार चढलेली दिसतही नाही, त्यामुळे घरच्यांना शंका येत नाही. साखरेच्या इतर काही गोळ्यांवर उपाशी राहिलं तर साखर एकदम उतरण्याचं वेगळं भय. आणि उपास सोडायला साबुदाण्याची खिचडी म्हणजे निव्वळ पिष्ट, साखर तासाभरात वर. मी तिला उपास सोड म्हणत नाही. महालक्ष्मीवर तिची श्रद्धा आहे, माझीही आहे. पूजा करावी, कहाणी वाचावी, पण वेळच्या वेळी दूध, मूठभर दाणे, फळाची फोड असं खात राहावं आणि त्या दिवशी कुठली गोळी घ्यायची, कुठली नाही, हे डॉक्टरांकडून आधी लिहून आणावं. हे तू सांगितलंस तर ती ऐकेल. मुलाचं ऐकतात आया.

आणीबाणीसाठी आजच ठरवून ठेवायचं. ताईला अचानक घाम फुटला, धाप लागली, जबडा, खांदा, पाठ किंवा पोटाचा वरचा भाग जड झाला, उलटीसारखं झालं, आणि ते दहा-पंधरा मिनिटांत गेलं नाही, तर इनो नाही, शेक नाही, ‘सकाळी बघू’ नाही. साखर उतरल्यानेही घाम फुटतो, म्हणून ग्लुकोमीटर लावा, पण साखर ठीक आली म्हणजे हृदय ठीक, असं धरून बसू नका. १०८ ला फोन करायचा. भाऊजी तिला स्कूटरवर मागे बसवून निघतील, ते अजिबात करू द्यायचं नाही. संध्याकाळी कळंबोली सर्कलला वाहनं तुंबली की काय होतं ते तुला ठाऊक आहे. चोवीस तास अँजिओप्लास्टी होते असं जवळचं रुग्णालय कुठलं, ते आधीच चौकशी करून फ्रिजवर लिहून लावा. ॲस्पिरिन चघळायला द्यायची की नाही, हे तिच्या डॉक्टरांकडून आधी विचारून त्याच कागदावर लिहा, ऐनवेळी शेजाऱ्यांच्या सल्ल्याने नको.

पैशाचं फार मनावर घेऊ नकोस. राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली २ जुलै २०१२ ला, आणि पहिल्या आठ जिल्ह्यांत आपला रायगड होता. तीच आता महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत. योजनेतल्या रुग्णालयात दाखल झालं तर अँजिओप्लास्टी, बायपास त्यात बसते. दारातच आरोग्यमित्राचं टेबल असतं, तिथे रेशनकार्ड आणि आधार दाखवायचं. अडचण एवढीच की तुमच्या रेशनकार्डावर ताईचं नाव माहेरचं आहे आणि आधारवर सासरचं. ऐन रात्री त्यावरून घोळ होईल. ते आधी दुरुस्त करून घे. तिशीपुढच्या माणसांची बीपी-शुगर सरकारी दवाखान्यात फुकट तपासतात, हे तुमच्याकडे भांडी घासायला येतात त्या मावशींनाही सांग. त्यांचं वय पन्नाशीकडे झुकलंय आणि जिना चढताना मध्येच थांबताना मी त्यांना पाहिलं आहे.

आता ठरलं ते असं. शनिवारी, २२ तारखेला सकाळी मी ताईला घेऊन जाते. ईसीजी, टू-डी एको, चरबीचं प्रमाण, क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन, एवढं त्या दिवशी होईल. स्ट्रेस टेस्ट करायची की नाही ते डॉक्टर एको पाहून ठरवतील, आपण मागायची नाही. नेहमीच्या दवाखान्यात ईसीजीला बाई आहे का, ते मी कालच जाऊन विचारून आले, शनिवारी असते. ताई आढेवेढे घेतेय, ‘मला काही होत नाही, निखिलला उगीच खर्च’ असं चाललंय. तेव्हा पैसे पाठवून मोकळा होऊ नकोस, स्वतः ये. पुण्याहून पहाटेची गाडी धरलीस तर नवाच्या आत पनवेल स्टेशनवर उतरशील. येताना दिवाळीत तू बरोबर नेलेली भाऊजींची फाइल घेऊन ये, तिच्या मागच्या खिशात ताईचे २०१८ चे रिपोर्ट आहेत, ते डॉक्टरांना लागतील.

सौ. अनघाला आशीर्वाद.

तुझी,
सुमनमावशी